गाडीची गोधडी: कव्हर रोज घालायचं, पण रंगावर चरा येऊ द्यायचा नाही

आमची पहिली गाडी काळी. काळी घेऊ नका म्हणून घरातल्यांनी, दारातल्यांनी, सगळ्यांनी सांगून झालं होतं, तरी घेतली. साताऱ्यात शाहूपुरीत घर, गाडी उघड्यावर, आणि शेजारच्या आंब्याची फांदी कंपाउंड ओलांडून बरोबर तिच्या डोक्यावर आलेली. तिसऱ्याच दिवशी कव्हर आणलं. संध्याकाळी मी ते ओढून-ताणून घालत होतो आणि शेजारचे आप्पा कठड्याला टेकून बघत होते. म्हणाले, "गाडीला गोधडी घातली व्हय? झोपंल आता निवांत."

वैशाखात आणलेलं ते कव्हर मी एकही रात्र न चुकता घातलं. खंडेनवमीला पूजेसाठी गाडी धुतली, उन्हात लावली आणि पोटात गोळाच आला. बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल-गोल चरे. डिकीच्या डाव्या कोपऱ्यावर तळहाताएवढा डाग, भांड्याच्या घासणीने घासल्यासारखा निस्तेज. समोर बाराही महिने उघडी उभी राहणारी जुनी गाडी आमच्यापेक्षा बरी दिसत होती. पेंटरकडे गेलो. त्याने डिकीचा कोपरा अंगठ्याने चाचपला आणि विचारलं, "कव्हर रोज घालता ना? कव्हरनं काय न्हाई केलं. तुम्ही मातीसकट घालत होता."

त्या वाक्यानंतर मी जे शिकलो ते नव्याने कव्हर घेणाऱ्यांसाठी लिहितोय. कापड आणि रंग यांच्या मध्ये अडकलेला कण चरा पाडतो, आणि तोही कापड हललं तरच. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं: मध्ये कण नको, आणि वर हालचाल नको.

जपायचं ते किती पातळ आहे

पत्र्यावर गंज न धरणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सत्तरच्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक ज्या थरावर अवलंबून आहे तो केसाहून पातळ. मशीन-पॉलिश करून चरे जातात ते हा थर थोडा खरवडूनच. दर दसऱ्याला पॉलिश मारू म्हटलं तर काही वर्षांत मारायला काही उरणार नाही.

आता धूळ बघा. आपल्याकडची धूळ म्हणजे बहुतेक काळ्या कातळाचा आणि मुरमाचा भुगा. त्यातली खनिजं कठीणपणा मोजायच्या मोह्स मापनश्रेणीवर पाच-सहाच्या घरात बसतात, गारगोटी सातवर. क्लिअर कोट हे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक, त्याचा यांच्यापुढे निभाव लागत नाही.

"पण मी तर सिरॅमिक कोटिंग केलंय, ९एच आहे," असं कुणी ना कुणी म्हणतंच. हा एच पेन्सिलीचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिलींनी पृष्ठभागावर रेघ ओढून बघायची एक चाचणी असते, त्यातली कडक पेन्सिल म्हणजे ९एच. गारगोटीच्या सातशी त्या नऊची तुलनाच होत नाही. कोटिंगमुळे माती कमी चिकटते आणि धुणं सोपं जातं, हा फायदा खरा आहे. मातीवरून कापड फिरवायचा परवाना मात्र त्यातून मिळत नाही.

कव्हर विकत घ्यायच्या आधी एक काम करा. रात्री गाडी स्वच्छ असताना मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरा. टॉर्चभोवती गोल जाळं दिसेल. चरे प्रत्यक्षात सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. बोनेट, टप, डिकी आणि चारही कोपरे यांचे फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनी तुमची पद्धत चुकतेय की बरोबर आहे, ते हे फोटोच सांगतील.

कव्हर कशासाठी?

हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. बहुतेक नोकरदार माणूस सकाळी नऊला कव्हर काढतो, गाडी दिवसभर एमआयडीसीत उन्हात लावतो आणि संध्याकाळी सातला परत कव्हर घालतो. रात्री ऊन नसतं. म्हणजे रंग विटण्यापासून, हेडलाइट पिवळे पडण्यापासून किंवा डॅशबोर्ड तापण्यापासून ते कव्हर काहीही वाचवत नाही. ते वाचवतं दवापासून, पहाटेच्या पक्ष्यांपासून आणि झाडापासून. तुमच्या जागेवर यातलं काहीच नसेल, डोक्यावर पत्रा असेल, तर रोज कव्हर घालणं म्हणजे रोज दोनदा रंगावरून कापड फिरवणं. मी तर म्हणेन, मग घालूच नका. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तेव्हा घाला.

झाड असेल तर गोष्ट वेगळी. आंबा मोहोरला की त्यावर तुडतुडे येतात आणि ते गोड, चिकट थेंब टाकत राहतात. गाडीवर त्याचा पातळ थर बसतो, थरावर धूळ बसते, पुढे त्यावर काळी बुरशीही येते. पौषापासून फाल्गुनापर्यंत आंब्याखाली गाडी लावणाऱ्याला कव्हरशिवाय गत्यंतर नाही. जांभळाखाली जेठ महिन्यात तेच. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हाने तापलेला रंग मऊ पडतो, संध्याकाळी आखडतो, आणि विष्ठेच्या आकाराचा ठसा त्यात कायमचा बसतो. कऱ्हाड, इस्लामपूर, सांगलीकडच्या मंडळींना आणखी एक त्रास: उसाचा हंगाम सुरू झाला की पेटवलेल्या पाचटाची काळी फुलं उडत येऊन गाडीवर उतरतात. कोरडी असताना फुंकरीने जातात. त्यावर दव पडलं की राखेचं क्षारयुक्त पाणी होतं आणि डाग धरतं.

घेताना

स्वस्तातलं चंदेरी कव्हर, ज्याला दुकानदार पॅराशूटचं कापड म्हणतात, ते टॅफेटा असतं. पाणी बरंच अडवतं, पण आतली वाफही अडवतं आणि आतून मऊ नसतं. रोजच्या वापराला आतून मऊ सुती अस्तर असलेलं किंवा हवा खेळणारं अनेक थरांचं कव्हर घ्या. अस्तराचा पोत दुकानातच बघायचा एक सोपा उपाय: घरातली जुनी सीडी खिशात न्या आणि तिच्या चकाकत्या बाजूवर अस्तर दाबून चार-पाच वेळा घासा. सीडीचं प्लास्टिक मऊ असतं. त्यावर रेघा उठल्या तर ते कव्हर तिथेच ठेवून या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

मापात तडजोड नको. "हॅचबॅकला मीडियम बसतं" हे वाक्य ऐकू नका. चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना कर कमी म्हणून बाजारात त्या लांबीच्या गाड्या ढिगाने आहेत, पण एक उंच डब्यासारखी तर दुसरी बसकी. कव्हर मॉडेलच्या नावाने घ्या, आरशांना कप्पे असलेलं घ्या. सैल कव्हर वाऱ्यात फडफडतं. माझा डिकीचा कोपरा गेला तो त्यानेच.

घरी आणल्यावर आधी तीन कामं. कव्हर एकदा साध्या पाण्यातून काढा, कारण शिवणीत सुताचे तुकडे आणि गोदामाची धूळ असते. कुलूप लावायच्या धातूच्या रिंगा असतील तर त्यांवर आतून जाड कापडाचे तुकडे शिवून घ्या. आणि पुढच्या टोकाला लाल नाडी बांधा. पुढचं कुठलं, मागचं कुठलं हे न कळल्याने कव्हर उलटं पडतं आणि मग आपण ते गाडीवरच गोल फिरवत बसतो. अर्धे चरे त्या फिरवण्यातले.

रोजची पद्धत: घालताना

पहिली पायरी थांबण्याची. महामार्गावरून आल्या-आल्या कव्हर टाकू नका. बोनेटवर तळहात आरामात ठेवता आला की मग. मागे सायलेन्सरचं तोंड असतं तिथलं कापड वितळलेलं मी पाहिलंय.

दुसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच लोक गाळतात. गाडीवर बोट फिरवा. नाही, खरं तर फिरवू नका, तोही एक चरा. तिरक्या उजेडात नुसतं बघा.

धूळ दिसत असेल तर कोरडा फडका मारायचा नाही. आपल्या गल्लीत सकाळी सहापासून हा कार्यक्रम चालतो: पिवळा फडका, तोच फडका चाकाला, तोच बोनेटला, आणि वर गोल-गोल हात. कव्हरच्या नावावर खपणारे निम्मे चरे या फडक्याचे. त्याऐवजी मी हे करतो. बागेच्या फवारणीचा दोन लिटरचा हातपंप शेतीच्या दुकानात मिळतो, तो घ्यायचा. नंतर खंगाळावं न लागणाऱ्या धुण्याचं, म्हणजे रिन्सलेस वॉशचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात त्यात कालवायचं. आधी एका भागावर, समजा बोनेटवर, भरपूर फवारायचं आणि मिनिटभर सोडायचं, म्हणजे कण सुटतो आणि त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो. मग चौघडी केलेलं मायक्रोफायबरचं ओलं कापड, वजन न देता, सरळ रेषेत एकदाच ओढायचं. परत त्याच बाजूने मागे यायचं नाही. घडी बदलायची, पुढचा पट्टा. वरून खाली यायचं, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण खरी वाळू तिथे असते. पूर्ण गाडीला सहा-सात कापडं आणि वीस मिनिटं लागतात. कापड जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून परत घेऊ नये.

रोज वीस मिनिटं कोण देणार, हे मला कळतं. मी पण देत नाही. म्हणून नियम केला: ज्या दिवशी गाडी स्वच्छ त्याच दिवशी कव्हर. गावात एक फेरी मारली, नुसती धूसर धूळ आहे, तर पानं उडवायचा छोटा ब्लोअर फिरवतो आणि तेवढ्याने निघाली तर घालतो. चिखल असेल, गावाकडच्या कच्च्या रस्त्यावरून आलो असेन, तर गाडी तशीच उघडी. एक रात्र उघड्यावर राहिल्याने रंग बिघडत नाही, मातीवर कव्हर घातल्याने बिघडतो. सकाळी कावळ्याने काम केलेलं असलं तर ओला टिश्यू दहा मिनिटं त्यावर ठेवायचा आणि मग उचलायचा, घासायचं नाही.

बोअरच्या पाण्याने धूत असाल तर पाणी अंगावर वाळू देऊ नका. त्यातले क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात, आणि कव्हरखाली ते दिसतही नाहीत.

तिसरी पायरी प्रत्यक्ष घालण्याची. कव्हर वळकटीसारखं गुंडाळलेलं असतं असं धरून चला. ते तसं कसं करायचं ते पुढे काढताना सांगतो, कारण घालणं सोपं की अवघड हे काढताना ठरतं. वळकटी टपाच्या मागच्या टोकाला, डिकीच्या वर ठेवा. मागची कड मागच्या बंपरला अडकवा. मग वळकटी पुढे उलगडत न्या: टप, पुढची काच, बोनेट, पुढचा बंपर. आता गाडीवर मधोमध एक लांब पट्टा आहे आणि दोन्ही बाजूंच्या घड्या टपावर आहेत. एका बाजूची घडी उचला, आरशाच्या कप्प्यात आरसा बसवा, आणि कड गाडीच्या अंगापासून वीतभर लांब धरून खाली सोडा. दुसरी बाजू तशीच. अडकलं तर ओढू नका, उचला. ओढणे आणि उचलणे यातला फरक हाताला चार दिवसांत कळतो.

दोघं असतील तर उत्तम. आमच्याकडे आई एका बाजूला उभी राहते आणि चादर अंथरताना देतात तशा सूचना देते.

चौथी पायरी पट्ट्याची. पोटाखालून जाणारा पट्टा एका बाजूने फेकून दुसऱ्या बाजूने ओढायचा असतो. बक्कल प्लास्टिकचं असलं तरी दारावर आपटलं की खूण राहते. मी बक्कल जुन्या पायमोज्यात घालून वर रबर लावलंय. दिसायला गावठी, पण आप्पांनीही त्यांच्या गाडीला तेच केलं. पट्टा इतका आवळा की टपावरचं कापड चिमटीत धरता येऊ नये. वरून सुतळी बांधणे, टपावर वीट ठेवणे, कडेला पाण्याच्या बाटल्या लटकवणे, हे सगळं मी आसपास पाहिलंय. वीट रंग घासते, बाटल्या रात्रभर दारावर टकटक करतात.

काढताना: दोन घड्या आणि एक वळकटी

कव्हरला दोन बाजू असतात आणि त्या एकमेकींना कधी भेटता कामा नयेत. बाहेरची बाजू धुळीची, आतली रंगाची. कव्हर गोळा करून डिकीत कोंबलं की बाहेरची धूळ आतल्या अस्तराला लागते, आणि दुसऱ्या दिवशी आपण ती इमानदारीने बोनेटला पोचवतो. पाच महिने मी हेच करत होतो.

पट्टा सोडा. उजव्या बाजूची कड धरा, अंगापासून लांब उचला आणि टपाच्या मध्यापर्यंत आणून टाका. बघा काय झालं: बाजूच्या कापडाचा धुळीचा भाग टपावरच्या धुळीच्या भागावर पडला, आणि वर अस्तर आलं. डावी बाजू तशीच उचलून मध्यापर्यंत टाका, उजवीवर चढू देऊ नका, नाहीतर डावीची धूळ उजवीच्या अस्तराला लागेल. आता गाडीवर जो पट्टा आहे त्याची वरची बाजू अस्तर, खालची बाजूही अस्तर. सगळी धूळ मध्ये बंद, करंजीतल्या सारणासारखी. पुढच्या बंपरवरची कड सोडा, लाल नाडीच्या टोकापासून हळूहळू मागे गुंडाळत या. वळकटी डिकीच्या वर येते. तिथून दोन्ही हातांनी उचला, घसरवू नका. दुसऱ्या दिवशी ती तिथेच ठेवून उलटं उलगडायचं.

पावसाळ्यात खालच्या कडेला आतून चिखलाचे शिंतोडे असतात. तेव्हा थेट टपावर न टाकता आधी कड काचेच्या खालच्या रेषेपर्यंत बाहेरून दुमडा आणि मग टपावर टाका. दोन घड्या झाल्या की चिखलाची कड आत दडपली जाते आणि वळकटीत अस्तराला लागत नाही. एवढं करूनही आठवड्याला कडेवरून ओलं फडकं फिरवावंच लागतं.

वळकटी ठेवायला धान्याचं पोतं नको, त्यात नेहमी माती असते. जुन्या चादरीची पिशवी शिवा. जमिनीवर तर क्षणभरही ठेवू नका. ठेवलं आणि माती लागली असं वाटलं तर अस्तरावर सेलोटेप चिकटवून ओढा. टेपवर खडे दिसले की कव्हर धुवायला.

आषाढातला वारा

ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आषाढ-श्रावणात पश्चिमेकडून, यवतेश्वराच्या बाजूने वारा उतरतो आणि दिवस-दिवस थांबत नाही. बरोबर भुरभुर पाऊस. या दिवसांत गाडीला रोज कव्हर घालणं मी सोडून दिलंय आणि इतरांनाही तेच सांगतो.

कारण साधं आहे. कितीही घट्ट बांधा, वारा खालून शिरतो, कव्हर फुगतं आणि बसतं, फुगतं आणि बसतं. टपाच्या कडा, आरशांची टोकं, बंपरचे कोपरे, डिकीची धार, जिथे जिथे गाडीला बाक आहे तिथे कापड रात्रभर घासत राहतं. आणि वाऱ्याने खालून उडवलेली बारीक वाळू मध्ये जातेच. शिवाय ओलं कव्हर वाळत नाही. आपल्याकडे त्या दिवसांत बनियन तीन दिवस वाळत नाही, कव्हरची काय कथा. आत कोंडलेली ओल, मध्येच दोन तास पडणारं ऊन आणि त्यातून निघणारी वाफ, यात रंगावर पांढुरकी छटा येऊ शकते. ती बहुतेकदा ओल गेली की जाते, पण कुठे पत्रा नव्याने रंगवलेला असेल तर तिथे फुगेही धरू शकतात. नव्याने रंगवलेल्या भागावर तसंही किमान महिनाभर कव्हर घालू नये, रंगातला द्रव पदार्थ पूर्ण उडायला वेळ लागतो.

म्हणून जून अखेर ते सप्टेंबर कव्हर घरात. गाडीला पावसाआधी चांगलं मेण किंवा सीलंट मारून घ्यायचं आणि पडू द्यायचा पाऊस. वळवाचा पाऊस मात्र फसवतो. दुपारी चार वाजता कडक ऊन, सव्वाचारला धुळीचं वादळ, साडेचारला गारा. वारा सुटायच्या आत कव्हरचा पट्टा एकदा तपासा. धूळ उडायला लागल्यावर घाईने घालायला धावू नका, तोवर गाडीवर माती बसलेली असते. गारांपासून पातळ कव्हर वाचवत नाही, ते काम शेडचं.

हिवाळ्यात कव्हर बाहेरून दवाने भिजतं. सकाळी ओली वळकटी डिकीत टाकून ऑफिसला नेली की संध्याकाळपर्यंत कुबट वास येतो. पोर्चमध्ये दोरीवर टाका, बाहेरची बाजू बाहेर ठेवून. कंपाउंडच्या भिंतीवर वाळत घालू नका. आमच्या भिंतीच्या प्लास्टरची वाळू हाताने निघते. ती अस्तरात अडकली की काय होतं ते सांगायला नको.

कव्हर धुणं

महिन्यातून एकदा, आंब्याच्या मोहोरात दोनदा. गच्चीवर पसरून झाडूने घासणं हा आपला आवडता मार्ग, पण गच्चीवरची वाळू अस्तरात भरते. दोरीवर टांगा, आतली बाजू वर करून पाइपने धुवा, मग उलटवून बाहेरची. साबण पातळ द्रवरूप घ्या. कपड्याची पावडर न विरघळता शिवणीत बसते. ब्रश नको, पिळायचंही नाही, नाहीतर पाणी अडवणारा थर तडकतो. पूर्ण वाळेपर्यंत, अगदी शिवणीपर्यंत, घडी घालायची नाही.

अधूनमधून येणारी संकटं

विसर्जनाच्या मिरवणुकीत रस्त्यावर गाडी असेल तर गुलालासाठी कव्हर चांगलं, मात्र ते काढताना वरच्या दोन घड्या अगदी मन लावून घाला, आणि तसंच दोरीवर नेऊन धुवा. ओला गुलाल अस्तरात शिरला तर पांढऱ्या गाडीची रंगपंचमी होते. दिवाळीच्या चार रात्री उलट: कव्हर काढून ठेवा. ठिणगीने पॉलिस्टर वितळतं आणि वितळलेला थेंब रंगाला चिकटतो.

मांजर. कोमट बोनेटवर कव्हर म्हणजे तिच्यासाठी गादी. नखं कापडातून आरपार जात नसली तरी तिच्या उडीने कापड सरकतं. आणि कव्हरखालची गाडी उंदरांनाही आवडते, सलग चार दिवस उभी असेल तर बोनेट उघडून वायरी बघा. आमच्या गल्लीत यावरून मांजर चांगलं की वाईट असा वाद अजून मिटलेला नाही.

किती दिवस टिकतं

उघड्यावर रोज वापरलं तर चंदेरी कापड उन्हाने लवकर हार मानतं. बाहेरून बोट फिरवा. बोटाला चंदेरी पूड लागली की थर सुटायला लागला, आणि ती पूड कधीतरी आत जाणारच. अस्तराचे गोळे झाले, इलॅस्टिक ढिलं पडलं, कप्प्याची शिवण उसवली, यातलं काहीही झालं तरी बदला. उसवलेलं शिवता येतं, पण गाठ आतल्या बाजूला येऊ देऊ नका.

फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं ते तीन महिन्यांनी बाहेर काढा आणि त्याच जागी, त्याच टॉर्चने परत काढा. चरे बोनेटवर आणि टपावर वाढले असतील तर पुसण्यात चूक आहे. कोपऱ्यांवर आणि आरशांवर वाढले असतील तर कव्हर हलतंय, पट्टा आणि माप बघा. दारांच्या खालच्या भागात उभे चरे असतील तर कड अंगाला घासत खाली सोडताय.

आमचं पहिलं कव्हर मी फेकलं नाही. गाडीसाठी ते गेलं कामातून, पण पाणी अजून थेंबभर आत येऊ देत नाही. सध्या ते गावाकडे कडब्याच्या गंजीवर आहे, वरून दोन विटा ठेवून.